सहकाऱ्याला आपली रजा देता येते का?

खाडीकाठची | ५ ऑगस्ट, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. बेलापूरला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. कुठल्या ते विचारू नका, भिंतींना कान आणि आमच्या भिंतींना तर व्हॉट्सअ‍ॅपही आहे.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंना मार्चमध्ये स्तनाचा कर्करोग निघाला. वय ४१, नोकरी १४ वर्षांची. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये उपचार चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. अडलंय ते रजेवर. आईच्या पक्षाघाताच्या वेळी, २०२३ मध्ये, बहुतेक अर्जित रजा (नोकरीत कमावलेली पूर्ण पगारी) गेली होती. उरलेली आता संपली. अर्धवेतनी ७२ दिवस खात्यावर होती, ती परिवर्तित करून ३६ दिवस पूर्ण पगारी मिळाली, तीही मागच्या आठवड्यात संपली. आता साहेब म्हणतात असाधारण रजा टाका. म्हणजे बिनपगारी. नवऱ्याचा स्वतःचा टेम्पो आहे, दवाखान्याच्या फेऱ्यांमुळे तोही निम्मा महिना उभाच असतो.

आमच्याच शाखेत तिघांची अर्जित रजा ३०० दिवसांच्या मर्यादेपर्यंत भरून बसलीय. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला नवे पंधरा दिवस येतात आणि वापरले नाहीत तर वाया जातात. ते तिघं म्हणतात, आमच्यातले दहा-दहा दिवस तिला द्या. आस्थापनेत, म्हणजे रजेचा हिशेब ठेवणाऱ्या शाखेत, विचारलं तर तिथल्या बाई हसल्या. "रजा म्हणजे काय वाटीभर साखर आहे का?"

तर प्रश्न असा, की कुणाच्या कार्यालयात असं झालंय का? आणि होत नसेल तर व्हावं का?

---

तलावपाळी | ५ ऑगस्ट, रात्री ११:०२

वाटीभर साखर द्यायलाही आमच्या सोसायटीत आता ठराव लागतो. ताईंना लवकर आराम पडो.

---

निवृत्त_नाना | ६ ऑगस्ट, सकाळी ६:१५

मी ठाण्यात आस्थापनेत २२ वर्षं काढली. त्या बाई हसल्या ते चुकलं, पण नियम त्या म्हणतात तसाच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यात एकाची रजा दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची सोयच नाही. रजा ज्याच्या सेवापुस्तकात (नोकरीच्या नोंदवहीत) त्याचीच. तेव्हा अर्ज करून उपयोग नाही, तो फिरून फिरून "नियमात तरतूद नाही" असा शेरा घेऊन परत येईल.

पण बिनपगारीवर जायची घाई करू नका. मध्ये एक पायरी राहिली आहे, अनर्जित रजा. पुढे जी अर्धवेतनी रजा मिळणार आहे ती आधीच उचलायची. संपूर्ण नोकरीत ३६० दिवसांपर्यंत, वैद्यकीय प्रमाणपत्रावर. पगार निम्मा मिळतो, पण मिळतो. अट अशी, की कर्मचारी परत कामावर येईल आणि तेवढी रजा पुढे कमावेल अशी वाजवी शक्यता मंजूर करणाऱ्याला वाटली पाहिजे.

ही अट कागदावर साधी दिसते. मी एकदा एका माणसाच्या फायलीवर "रुजू होण्याची शक्यता आहे" असं लिहिलं होतं तेव्हा त्याचा मुलगा समोर खुर्चीवर बसला होता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. साहेबांनी सही केली. तो माणूस रुजू झाला नाही. अशा वेळी मृत्यू झाला तर दिलेला पगार घरच्यांकडून वसूल होत नाही, तेवढी माणुसकी नियमात आहे.

दुसरं म्हणजे सेवापुस्तक मागा आणि अर्धवेतनी रजेचा हिशेब स्वतः करा. वर्षाला २० दिवस जमा होतात. १४ वर्षांत २८०. तुम्ही ७२ म्हणता. बाकीची गेली कुठे?

---

खाडीकाठची | ६ ऑगस्ट, सकाळी ९:४०

नाना, त्यांनी २०१६ मध्ये काविळीत ३४ दिवस परिवर्तित घेतली होती असं म्हणतात. त्याचे दुप्पट म्हणजे ६८ वजा. तरी २८० मधून ६८ गेले की ७२ उरत नाहीत, बरोबर. आज सेवापुस्तक मागते. ट्रेनमध्ये आहे, नेरूळ आलं.

---

चहाटळ | ६ ऑगस्ट, सकाळी १०:०५

माझ्या खात्यात दोन किरकोळ रजा उरल्यात. एक देतो. दुसरी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसासाठी राखीव आहे, ती मागू नये.

---

हिशेबी_माणूस | ६ ऑगस्ट, दुपारी १:३०

भावना बाजूला ठेवून बोलतो, राग मानू नका.

रजा म्हणजे पैसेच आहेत. निवृत्तीला ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे रोख पैसे मिळतात, मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले ३०, गुणिले दिवस. ज्याचा मूळ पगार जास्त त्याचा एक दिवस महाग. मग कक्ष अधिकाऱ्याने दिलेला एक दिवस लिपिकाच्या खात्यावर एकच दिवस होणार का, की त्याचे दोन? सरकारने तो फरक भरायचा का?

यापेक्षा सरळ सगळ्यांनी एक दिवसाचा पगार काढून द्यावा. पण तिथे हात आखडतात. "माझी वाया जाणारी रजा देतो" म्हणायला सोपं, कारण ती वाया जाणारच आहे.

---

फायलीतला_उंदीर | ६ ऑगस्ट, दुपारी २:१०

+१ हिशेबी. वाया जाणारं दान म्हणजे उरलेली भाजी शेजारी देण्यासारखं.

---

तलावपाळी | ६ ऑगस्ट, दुपारी २:१४

उंदीरराव, उरलेली भाजी शेजाऱ्याने गोड मानून खाल्ली तर तुमच्या पोटात का दुखतं?

---

ऐरोली_फास्ट | ६ ऑगस्ट, रात्री ९:२०

मी यातून गेलेय म्हणून लिहिते. २०१९. दुसरं खातं, ठाण्यात.

माझ्यासाठी ऑफिसात यादी फिरली होती. एका कागदावर नावं आणि समोर रक्कम. ५००, १०००, एकाने २०००. पैसे उपयोगी पडले, खोटं बोलणार नाही. पण परत रुजू झाल्यावर त्या यादीवरचा प्रत्येक माणूस मला रकमेसकट दिसायचा. ज्याने काही दिलं नव्हतं तो कॅन्टीनमध्ये माझ्याकडे बघायचा नाही, आणि ज्याने २००० दिले तो माझ्या रजेच्या अर्जावर जरा जास्तच आपुलकीने बोलायचा. एकदा मुलीच्या वाढदिवसाला केक आणला तर मागून ऐकलं, "आता परवडतंय वाटतं."

म्हणून रजा देणं मला पैशापेक्षा बरं वाटतं, पण कुणी किती दिली ते कळू नये या अटीवर.

आणखी एक. केमो दर २१ दिवसांनी होती. प्रत्येक वेळी पहिले चार-पाच दिवस आडवी, मग दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरलेल्या, त्यामुळे गर्दी नको, आणि तिसऱ्या आठवड्यात मी अगदी बरी असायचे. घरी बसून भिंत बघत होते. तेव्हा मला पूर्ण रजा नकोच होती. ते सात-आठ दिवस मला टेबलावर बसू दिलं असतं, सकाळी ११ ला आले तर लेट मार्क लावला नसता, तर माझी निम्मी रजा वाचली असती. पण "एकतर आजारी किंवा फिट, मधलं काही नाही" असं उत्तर मिळालं. पुढे रेडिएशन होतं, सोमवार ते शुक्रवार रोज, दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी अख्खा दिवस रजा. खाडीकाठची, तुमच्या साहेबांना हे आधी विचारा.

---

चहाटळ | ६ ऑगस्ट, रात्री ९:३१

ताई, तुम्हाला दंडवत. एकच शंका, ऐरोलीला फास्ट कधीपासून थांबायला लागली?

---

ऐरोली_फास्ट | ६ ऑगस्ट, रात्री ९:३३

ट्रान्स हार्बरला २००४ पासून एकही फास्ट नाही म्हणूनच हे नाव घेतलंय. आशा ठेवावी माणसाने.

---

घोडबंदर_ग्रस्त | ७ ऑगस्ट, सकाळी ८:५०

हिशेबींच्या मुद्द्यात थोडी भर. मी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. आमच्याकडे लोक रजा सोन्यासारखी जपतात, कारण निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. सरकारी कर्मचाऱ्याला त्या पैशावर आयकर नाही. आम्ही बँकवाले त्यात धरले जात नाही, आम्हाला करमाफीची मर्यादा पूर्वी ३ लाख होती, ती २०२३ मध्ये २५ लाख झाली. तेव्हापासून आमच्या शाखेत रजा घेणं म्हणजे पाप. हेड कॅशियर ताप असताना येतात आणि आम्हा सगळ्यांना ताप देऊन जातात.

असे लोक रजा देतील? मला शंका आहे. पण ३०० च्या वरची द्यायला काय जातंय, हेही खरं.

(वाघबीळजवळ ४० मिनिटं उभी आहे, म्हणून एवढं टाइप झालं.)

---

दूरची_बहीण | ७ ऑगस्ट, दुपारी १२:१५

माझं माहेर नौपाड्यात, सध्या अमेरिकेत. माझा नवरा तिथल्या केंद्र सरकारी खात्यात आहे म्हणून माहिती आहे. तिकडे १९८८ च्या कायद्याने ही सोय आहे. स्वतःची रजा संपली आणि गंभीर आजारपण असेल तर सहकारी आपली वार्षिक रजा देऊ शकतात. आजारपणाची रजा देता येत नाही, फक्त वार्षिक. दिलेल्यातली उरली तर ज्याची त्याला परत जाते. आणि एक गमतीची अट आहे, आपल्या थेट वरच्या साहेबाला रजा देता येत नाही.

फ्रान्समध्ये २०१४ साली कायदा झाला तो आजारी मुलांच्या आईवडिलांसाठी होता. तिथे नाव गुप्त ठेवायचं आणि बदल्यात काही घ्यायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय. पुढच्या वर्षी सरकारी नोकरांनाही लागू झाला. ऐरोली ताईंचा यादीचा मुद्दा वाचून तेच आठवलं.

---

चहाटळ | ७ ऑगस्ट, दुपारी १२:२२

साहेबाला देता येत नाही!! ही एक अट आपल्याकडे आधी आणा, बाकी कायदा नंतर बघू. नाहीतर साहेबांना सर्दी झाली की शिपायापासून सगळे दहा-दहा दिवस घेऊन रांगेत.

---

फायलीतला_उंदीर | ७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

अमेरिका-फ्रान्सचं इथे काय? तिकडे ऑफिसं रिकामी आणि आपल्याकडे पदं रिकामी. एकजण रजेवर गेला की त्याची टेबलं दोघांत वाटतात. माझ्याकडे आत्ता अडीच टेबलं आहेत. म्हणजे रजा देणारा दोनदा देतो, एकदा आपले दिवस आणि वर तिचं काम.

आणि दुसरं बोलतो, कडू लागेल. आमच्याकडे एक गृहस्थ होते. कुणाशी पटायचं नाही, माहिती अधिकारात स्वतःच्याच ऑफिसविरुद्ध अर्ज टाकायचे, दिवाळीत डबा उघडायचे नाहीत. त्यांची किडनी गेली. डायलिसिस आठवड्यातून तीनदा. एक रुपया जमला नाही. त्याच वर्षी एका हसऱ्या, सगळ्यांच्या लाडक्या मुलाचा पाय मोडला तर तीन दिवसांत लिफाफा भरला. आजार कुणाचा मोठा होता? रजा द्यायची सोय झाली तरी हेच होणार. ज्याला माणसं आहेत त्याला रजा, ज्याला नाहीत त्याला असाधारण.

---

तलावपाळी | ७ ऑगस्ट, दुपारी १:०५

उंदीरराव, तुम्ही दिलं होतं का त्या गृहस्थांना?

---

फायलीतला_उंदीर | ७ ऑगस्ट, दुपारी ३:५०

नाही.

---

निवृत्त_नाना | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

म्हणून एका माणसाने दुसऱ्या माणसाला देण्यापेक्षा सामाईक खातं बरं. ३०० च्या वर वाया जाणारी रजा त्या खात्यात जमा व्हावी आणि आजाराचे कागद बघून त्यातून द्यावी. नाव नाही, चेहरा नाही. लाडका-नावडता प्रश्न मिटतो. हिशेबींचा महाग दिवस-स्वस्त दिवस हा प्रश्न राहतो, पण पगार शेवटी घेणाऱ्याच्या दराने द्यायचा, दिवसाला दिवस. मी नोकरीत असताना संघटनेच्या बैठकीत हे मांडलं होतं. अध्यक्ष म्हणाले चांगली सूचना आहे, आणि मग वडे आले.

---

घंटागाडी | ७ ऑगस्ट, रात्री ११:४५

सगळे कायम नोकरीवाले बोलताय म्हणून लिहितो. मी कंत्राटी आहे, एका पालिकेच्या कामावर, ठेकेदाराकडून. तुमच्याच गेटमधून आत जातो. मला ३०० नाही, ३ पण नाही. न आलो तर त्या दिवसाचा पगार नाही.

तरी एक सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. पगार २१,००० च्या आत असेल आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापत असतील तर आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतात. कॅन्सर, टीबी, पक्षाघात अशा ठरलेल्या ३४ आजारांत त्याच्या पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. आमच्या मुकादमाला माहीतच नव्हतं. माझ्या मेव्हणीसाठी आम्ही कागद केले. ठेकेदार कापतो ते पैसे भरतो का नाही हे मात्र आधी बघून घ्या. आमचा चार महिने भरत नव्हता.

---

ऐरोली_फास्ट | ८ ऑगस्ट, सकाळी ७:१०

घंटागाडी दादा, हे फार कामाचं लिहिलंत. मला इतकी वर्षं वाटत होतं ईएसआय म्हणजे फक्त गोळ्यांची रांग.

---

शिमग्याचं_सोंग | ८ ऑगस्ट, सकाळी १०:२०

या सगळ्यात खोट्या सर्टिफिकेटवाल्यांचं काय? आमच्याकडे दरवर्षी गणपतीत आणि शिमग्याला अर्धं ऑफिस आजारी पडतं. पाच-सात जणांना एकाच तारखेला ताप येतो आणि एकाच तारखेला उतरतो, मधे कोकणकन्या. अशांमुळे खऱ्या आजाऱ्याचा अर्जही साहेब भिंगातून बघतात.

---

चहाटळ | ८ ऑगस्ट, सकाळी १०:२४

आयडी बघून बोलतोय, अनुभवाचे बोल दिसतात.

---

शिमग्याचं_सोंग | ८ ऑगस्ट, सकाळी १०:२६

मी अर्जित घेतो. पालखी नाचवायला खोटं बोललं तर ग्रामदैवत बघून घेईल.

---

कोपरीचा_भाऊ | ८ ऑगस्ट, दुपारी ४:००

विषय थोडा वेगळा, पण नाना आहेत म्हणून विचारतो. माझा भाऊ सरकारी चालक. अपघातात पाय गेला. रजा संपत आली. वरून तोंडी सांगतात, चालवता येत नाही तर स्वेच्छानिवृत्ती घे, सगळं सुटसुटीत होईल. घ्यावी का?

---

निवृत्त_नाना | ८ ऑगस्ट, दुपारी ४:४०

अजिबात नाही. एकाही कागदावर सही नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही, पद कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा, पद निर्माण करायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. तोंडी सांगणाऱ्याला म्हणा, लेखी द्या. तो देणार नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधी काढा. भावाला म्हणावं काळजी करू नको.

---

कोपरीचा_भाऊ | ८ ऑगस्ट, दुपारी ४:५५

नाना, पाया पडतो. दोन महिने आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

---

हिशेबी_माणूस | ८ ऑगस्ट, रात्री ८:१५

मूळ धाग्याकडे येतो. दोन दिवस विचार केला. नानांचं सामाईक खातं मला पटतंय, पण एक गाठ सुटत नाही. कर्मचारी वारला तर शिल्लक अर्जित रजेचे पैसे कुटुंबाला मिळतात. दान आलेली रजा शिल्लक असताना माणूस गेला तर? तिचे पैसे घरच्यांना द्यायचे की खात्यात परत? मला वाटतं परत, अमेरिकेत करतात तसं. पण त्या घरात जाऊन हे सांगणार कोण, ते मला विचारू नका.

आणि उंदीररावांनी "नाही" लिहिलं ना, ते वाचून मलाही माझी एक यादी आठवली. मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा आलो होतो.

---

खाडीकाठची | १२ ऑगस्ट, रात्री १०:१०

माफ करा, चार दिवस येता आलं नाही. सांगण्यासारखं आहे.

सेवापुस्तक मिळालं. तीन वेळा "उद्या या" झालं, मग आमच्या शिपाईमामांनी कपाटावरच्या गठ्ठ्यातून स्वतः काढून आणलं. अर्धवेतनी रजेची शेवटची नोंद जुलै २०१८ ची. डिसेंबर २०१८ मध्ये ताई अलिबागहून बदलून इकडे आल्या, आणि त्यानंतर त्या पानावर कुणी पेनच टेकवलं नाही. जानेवारी २०१९ पासून या जुलैपर्यंत चौदा सहामाह्या, प्रत्येकी दहा. १४० दिवस. परिवर्तित केले तर पूर्ण पगाराचे ७० दिवस. तिच्याच खात्यावरचे, कुणाच्या दानाशिवाय.

हसणाऱ्या बाईंना दाखवलं. आधी म्हणाल्या असं कसं होईल. मग चष्मा लावला, बोटांवर मोजलं आणि गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच टिपणी टाकली, आणि हळूच स्वतःचं सेवापुस्तकही काढून बघितलं. त्यांचीही नोंद २०२० ला थांबलेली निघाली. आता अख्ख्या मजल्यावर लोक आपापली पानं उघडून बसलेत.

ऐरोली ताई, तुमचं तिसऱ्या आठवड्याचं साहेबांना सांगितलं. लेखी काही देणार नाही म्हणाले, पण "येतील तेव्हा येऊ देत, मी बघतो" असं म्हणाले. बघू काय बघतात ते.

रविवारी ताईंकडे गेले होते. ७० दिवसांचं सांगितलं तर आधी हिशेब पुन्हा करायला लावला, लिपिक शेवटी. ते तिघं रजा द्यायला तयार होते हेही सांगितलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं रजा राहू दे तुमच्याकडेच. माझ्या टेबलावर डाव्या बाजूला निवृत्तिवेतनाची चार प्रकरणं आहेत, त्यातलं एक विधवा बाईचं आहे, ते तेवढं पुढे सरकवा."

---

फायलीतला_उंदीर | १२ ऑगस्ट, रात्री १०:३२

ते प्रकरण सरकलं का?

---

खाडीकाठची | १२ ऑगस्ट, रात्री १०:३५

काल लेखा शाखेत गेलं. त्या तिघांपैकी एकाने उशिरापर्यंत बसून पूर्ण केलं. बाकी तीन अजून आहेत.

---

निवृत्त_नाना | १३ ऑगस्ट, सकाळी ६:०५

टिपणी मंजूर झाली की सेवापुस्तकात नोंद, नोंदीवर सही, आणि त्या पानाची झेरॉक्स ताईंच्या घरी. हे तिन्ही झाल्याशिवाय मंजूर झालं असं समजू नका. आणि ती तीन प्रकरणं अडली तर मला बोलवा, निवृत्तिवेतनाची कामं मी डोळे मिटून करतो. सकाळी दहाची ठाणे-पनवेल पकडली तर मी रिकामाच असतो.

---

खाडीकाठची | १३ ऑगस्ट, सकाळी ९:१८

नाना, बाहेरच्या माणसाला फायलीला हात लावू देत नाहीत हो. पण चहाला या. शिपाईमामा म्हणतात ते तुम्हाला ओळखतात.

---

चहाटळ | १३ ऑगस्ट, सकाळी ९:२५

मी पण येतो. ती एक किरकोळ रजा अजून शिल्लक आहे.